रोटाव्हेटर फिरतो, मग नांगर का अडतो?

प्रश्न : आमची दिंडोरी तालुक्यात चार एकर जमीन आहे. अडीच एकर द्राक्षबाग, बाकीच्यात टोमॅटो, कांदा आणि घरचा भाजीपाला. शेजाऱ्यांनी १८ एचपीचा मिनी ट्रॅक्टर घेतला आहे. बागेत तो रोटाव्हेटर मस्त फिरवतो. पण बाहेरच्या काळ्या रानात त्यालाच नांगर जोडला की चाके जागच्या जागी गरगरतात. इंजिन मात्र बंद पडत नाही, नुसते गुरगुरत राहते. ट्रॅक्टर तोच, ताकद तीच, मग एक काम जमते आणि दुसरे का जमत नाही? आम्हीही घेण्याच्या विचारात आहोत. सोबत कोणती औजारे घ्यावीत?
(एक वाचक, जि. नाशिक)

उत्तर : इंजिन बंद पडत नाही हे तुम्ही टिपलेत, त्यातच निम्मे उत्तर आले. इंजिनाची ताकद संपली असती तर ते काळा धूर सोडत, धापा टाकत थांबले असते. ते चालू आहे आणि चाके फिरताहेत, म्हणजे ताकद शिल्लक आहे. कमी पडते आहे ते वजन.

थोडा हिशेब करू. एक अश्वशक्ती म्हणजे ७५ किलोचे ओझे एका सेकंदात एक मीटर वर उचलणे. १८ अश्वशक्तीचे झाले १३५०. नांगरताना ट्रॅक्टर ताशी साडेचार किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला सव्वा मीटर चालतो असे धरले, तर कागदावर हे इंजिन हजार किलोच्या वर ओढ लावू शकते. आता ट्रॅक्टरकडे बघा. या वर्गातले ट्रॅक्टर साधारण साडेसातशे ते साडेआठशे किलोचे असतात. त्यातले पाचशेएक किलो मागच्या चाकांवर येतात, आणि मोकळ्या रानात चाकावरच्या वजनाच्या निम्म्याइतकीच ओढ माती देते. त्यापुढे टायर मातीला धरून राहत नाही, तिला खरवडून मागे फेकतो. म्हणजे हाती आली ती अडीचशे किलोची ओढ, रान चांगले असेल तर तीनशे. शेवाळलेल्या फरशीवर उभे राहून गाडा ढकलणाऱ्या पैलवानासारखी गत. दंडात जोर आहे, पण पाय टिकत नाही.

नांगराला किती ओढ लागते? दहा इंच रुंद आणि सात इंच खोल तास घेतले तर नांगराचा फाळ साडेचारशे चौरस सेंटिमीटर मातीची भिंत सतत फोडत असतो. हलक्या, वाळूसर जमिनीत दर चौरस सेंटिमीटरला ०.३ किलोच्या आसपास जोर पुरतो. एकूण १३५ किलो. आवळलेल्या काळ्या रानात तोच आकडा ०.७ किंवा त्याच्याही पुढे जातो, आणि मग ३१५ किलो लागतात. शेजाऱ्यांचा ट्रॅक्टर नेमका इथे अडतो. हलक्या रानात तोच नांगर त्याच ट्रॅक्टरने ओढून दाखवला असता.

रोटाव्हेटरचे गणित मुळातच वेगळे. त्याला ताकद चाकांतून मिळत नाही, मागच्या पीटीओ शाफ्टमधून मिळते. इंजिनातून निघालेली ताकद गिअरमधून थेट पात्यांपर्यंत जाते, वाटेत मातीची परवानगी घ्यावी लागत नाही. शिवाय पाती चाकांच्याच दिशेने फिरतात, त्यामुळे माती कापता कापता ती ट्रॅक्टरला पुढेच ढकलतात. कडक रानात रोटाव्हेटर अचानक हिसका देऊन ट्रॅक्टर पुढे रेटतो, हा अनुभव तुमच्या शेजाऱ्यांनाही असेल. म्हणून लहान ट्रॅक्टर घेणाऱ्याने एक गोष्ट धरून चालावी : त्याची खरी कमाई फिरणाऱ्या औजारांत आहे, ओढायच्या औजारांत त्याच्याकडून फार आशा करू नये. आपल्याकडे मात्र विकणारा आणि घेणारा दोघेही एचपीवर बोलतात, वजनाचा विषय कुणी काढत नाही.

मग वजन वाढवले तर? वाढवता येते. चाकांना लोखंडी वजने लावतात, टायरमध्ये तीन चतुर्थांश पाणी भरतात. चारही चाकांना ताकद मिळणारा ट्रॅक्टर घेतला तर पुढच्या चाकांवरचे वजनही कामी येते आणि ओढ साडेतीनशे-चारशे किलोपर्यंत जाते. पण द्राक्षबागेत ट्रॅक्टर फवारणीसाठी सारखा त्याच दोन चाकोऱ्यांतून जातो. तिथे जड ट्रॅक्टर म्हणजे मुळांच्या छातीवर रोजचा दाब. वर्षातून एकदाच्या नांगरटीसाठी बाकीचे अकरा महिने हा बोजा बागेत फिरवू नये, असे माझे मत. उन्हाळी नांगरट पन्नास एचपीच्या भाड्याच्या ट्रॅक्टरकडून पलटी नांगराने करून घ्या. काम सकाळी सुरू होऊन दुपारपर्यंत संपेल.

इथे थोडे विषयांतर, पण ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. आज प्रत्येक ट्रॅक्टरच्या मागे खालचे दोन दांडे आणि वरची टॉप लिंक दिसते, ती जोडणी रुजवली हॅरी फर्ग्युसन या उत्तर आयर्लंडच्या माणसाने. त्याआधी नांगर साखळीने किंवा हुकाने मागे ओढला जाई. तो दगडाला अडकला की ट्रॅक्टरचे तोंड वर उठे आणि सगळे धूड चालकाच्या अंगावर येई. फर्ग्युसनच्या जोडणीत नांगर अडकला की टॉप लिंक ट्रॅक्टरला पुढून खाली दाबते. शिवाय नांगराचे आणि त्यावर आलेल्या मातीचे वजन मागच्या चाकांवर पडते, म्हणून हलका ट्रॅक्टरही आपल्या वजनाच्या मानाने बरा ओढतो. १९३८ मध्ये त्याने हेन्री फोर्डशी नुसत्या हस्तांदोलनावर करार केला आणि १९३९ मध्ये ही जोडणी असलेला फोर्डचा ट्रॅक्टर बाजारात आला. कागद नसल्याने पुढे व्हायचे तेच झाले. कोर्टकचेरी होऊन १९५२ मध्ये फर्ग्युसनला ९२ लाख ५० हजार डॉलर मिळाले. तुमच्या शेजाऱ्यांचा ट्रॅक्टर अडीचशे किलोपर्यंत तरी पोहोचतो, त्यात या माणसाचा वाटा आहे.

आता औजारे. तुमचा निर्णय नांगराने किंवा रोटाव्हेटरने ठरणार नाही, ब्लोअरने ठरेल. द्राक्षाला सर्वात जास्त फेऱ्या फवारणीच्या, आणि ब्लोअरचा पंखा ताकद खातो. पाचशे-सहाशे लिटरचा ब्लोअर पाण्याने भरला की तो १८ एचपीच्या ट्रॅक्टरपेक्षा जड होतो. उतारावर तो मागून ढकलतो तेव्हा ब्रेक लावायलाही वजन लागतेच. त्यामुळे अडीच एकर बाग असताना मी २४ ते २८ एचपीचा, चारही चाके ओढणारा ट्रॅक्टर बघेन. मांडवाखालून जायचे असेल तर सायलेन्सर वर उभा नको, बाजूने खाली काढलेला हवा. बॉनेट आणि स्टिअरिंगची उंची मांडवाच्या तारेशी मोजून घ्या. ही मोजणी शोरूममध्ये होत नाही, बागेतच करावी लागते.

रोटाव्हेटर किती रुंद घ्यावा, याचा साधा नियम : दोन्ही मागच्या टायरांच्या बाहेरच्या कडा त्याने झाकल्या पाहिजेत, नाहीतर चाकोरी तशीच दाबलेली राहते. १८ एचपीला तीन ते साडेतीन फूट, २४ च्या पुढे चार फूट पुरे. नऊ फुटांच्या ओळीत चार फुटी रोटाव्हेटर एका फेरीत सगळी पट्टी घेणार नाही, आणि ते ठीकच आहे. खोडाजवळची पांढरी मुळे वाचतात. थोडे पैसे जास्त देऊन पाच फुटी न्या, असे दुकानदार म्हणेल. त्याचे ऐकलेत तर पीटीओ ५४० फेऱ्यांवर टिकणार नाही आणि ढेकळे तशीच राहतील.

रोटाव्हेटरची एक वाईट खोडही सांगून ठेवतो. तो माती पिठासारखी करतो म्हणून डोळ्यांना छान दिसतो, पण दर वेळी त्याच चार-पाच इंचांवर चालतो. त्याखालचा थर पात्यांच्या घासण्याने आणि टायरच्या दाबाने आवळत जातो. काही वर्षांनी पाणी मुरेनासे होते आणि मुळे त्या थरावर आडवी पसरतात. वाफशावरच रोटाव्हेटर घाला. मुठीत दाबलेला गोळा बोटाने ढकलल्यावर फुटला तर वाफसा आहे, मेणासारखा दबला तर घरी जा. तणासाठी दर वेळी रोटाव्हेटर न काढता पाच फणांचा लहान कल्टीव्हेटर वापरा. फण मातीला चिरतो, तिचे पीठ करत नाही, आणि हलक्या ट्रॅक्टरला तो झेपतो.

म्हणजे तुमच्यासाठी रोटाव्हेटर, पाच फणी, ब्लोअर आणि एक टन वाहणारी लहान ट्रॉली. सरी पाडायचा रेझर शेजाऱ्यांकडे असेल तर त्यांच्याकडूनच आणा; वर्षातून दोनदा लागणाऱ्या वस्तूसाठी गोठ्यातली जागा अडवू नये. घेण्यापूर्वी विक्रेत्याकडे त्या मॉडेलचा बुदनीचा चाचणी अहवाल मागा. मध्य प्रदेशात बुदनी येथे केंद्र सरकारची ट्रॅक्टर चाचणी संस्था आहे. तिच्या अहवालात पीटीओवर मिळालेली ताकद, ओढ आणि हायड्रॉलिकने उचललेले वजन मोजून लिहिलेले असते. पत्रकावरचा एचपी इंजिनाचा असतो, औजाराला त्यापेक्षा कमीच मिळतो. अहवाल मागणारे गिऱ्हाईक क्वचितच येते, त्यामुळे विक्रेता जरा दचकेल. दचकू द्या.

प्रश्न : संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या घराला चढणीची वाट आहे. मिनी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून चिरे आणि शेणखत वर नेता येईल का? गावात सगळे म्हणतात, लहान ट्रॅक्टर उलटत नाही.
(एक वाचक, जि. रत्नागिरी)

उत्तर : गावातले सगळे चुकत आहेत. लहान ट्रॅक्टर अरुंद असतो, म्हणजे आडव्या उतारावर तो मोठ्यापेक्षा लवकर कलंडतो. मागे उलटण्याचा धोका तर कोणत्याही ट्रॅक्टरला आहे. पुढची चाके उचलल्यापासून पूर्ण उलटायला त्याला दीड सेकंदही लागत नाही. तेवढ्यात माणसाला काय होते आहे ते कळते, क्लच दाबायचे सुचत नाही.

मागे उलटण्याचे ठरलेले कारण म्हणजे ओझे चुकीच्या जागी बांधणे. ओंडका किंवा रुतलेली गाडी ओढायची असेल तर साखळी खालच्या ड्रॉबारलाच लावायची. टॉप लिंकच्या कानाला किंवा एक्सलला दोर बांधला की ओढ एक्सलच्या वर किंवा बरोबरीने लागते आणि चाके फिरायच्या ऐवजी ट्रॅक्टरच चाकांभोवती फिरतो. रोपवाटिकेची झाडे काढताना, वठलेला आंबा ओढताना हे अपघात होतात.

चिऱ्यांचे म्हणाल, तर पन्नास चिरे भरले की ट्रॉली ट्रॅक्टरपेक्षा जड झाली. चढताना तोंड हलके होऊन स्टिअरिंग ऐकत नाही. उतरताना त्याहून वाईट, कारण आता ओझे मागून ढकलते आणि लहान ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला बहुधा स्वतःचे ब्रेक नसतात. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, मधे क्लच दाबू नका, न्यूट्रल तर कधीच नको. डावा-उजवा ब्रेक जोडणारी पट्टी वाटेवर लावलेली असली पाहिजे. शेतात वळण्यासाठी सोडलेली ती पट्टी तशीच विसरली आणि उतारावर एकच ब्रेक दाबला गेला, तर ट्रॅक्टर आडवा होतो. पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ धरले की ट्रॉली नेऊच नका. एका वेळी वीस चिरे न्या. जास्त फेऱ्या होतील, होऊ द्या.

प्रश्न : आमच्या ट्रॅक्टरच्या मागच्या शाफ्टवर पिवळे प्लॅस्टिकचे कव्हर होते. ग्रीस द्यायला अडचण होते म्हणून ह्यांनी ते काढून टाकले. मी आणि सासूबाई जवळच कांदे निवडत असतो. चालेल का?
(एक वाचिका, जि. अहिल्यानगर)

उत्तर : नाही चालणार. आज संध्याकाळी बसवायला सांगा.

पीटीओ शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. त्याच्या सांध्यापाशी, जिथे पिना आणि बोल्टची टोके बाहेर आलेली असतात, जाडी साधारण दहा सेंटिमीटर धरा. एका फेऱ्यात तिथे तीस सेंटिमीटरच्या वर कापड गुंडाळले जाते, एका सेकंदात पावणेतीन मीटर. पदराचे टोक अडकले तर ओरडण्याआधी निम्मी साडी आत गेलेली असते, आणि साडी फाटत नाही, माणूस ओढला जातो. धोतर, उपरणे, ओढणी, मफलर, मोकळे केस, सगळ्यांना हेच लागू. शाफ्ट फिरताना तो गुळगुळीत, एका जागी थांबल्यासारखा दिसतो, म्हणून तर माणसे तो ओलांडून जातात.

ग्रीसची अडचण खरी आहे, पण कव्हरला त्यासाठी भोक किंवा सरकता भाग असतो. तो नसेल तर दुसरे कव्हर आणा. त्याला एक बारीक साखळी असते, तीही ट्रॅक्टरला अडकवायला हवी. साखळी नसेल तर कव्हर शाफ्टबरोबरच फिरते आणि त्याचा काही उपयोग राहत नाही. पात्यांत गुंतलेले ठिबकचे पाइप किंवा वेल काढायचे असतील तर नुसता पीटीओ सोडवून भागत नाही. इंजिन बंद, किल्ली खिशात, मग हात. आणि कांदे निवडायची जागा बदला, कव्हर बसवल्यावरही.

प्रश्न : मुलगी अमेरिकेत टेक्सासमध्ये असते. तिथे तिच्या शेजाऱ्यांकडे लहान ट्रॅक्टरला पुढे बादलीसारखा लोडर आहे. खत, माती, लाकडे सगळे त्यानेच उचलतात. ट्रॅक्टर महिंद्राचा! मग इथे तसा का दिसत नाही?
(एक वाचक, पुणे)

उत्तर : तो ट्रॅक्टर महिंद्राचा असला तरी आपल्याकडच्या मिनी ट्रॅक्टरची ती नक्कल नव्हे. महिंद्रा १९९४ पासून अमेरिकेत ट्रॅक्टर विकते आणि तिथली लहान मॉडेले तिथल्या कामासाठी बांधलेली असतात. तिथे पाच-दहा एकरांच्या घराभोवती पिकापेक्षा गवत कापणे, बर्फ सारणे, घोड्यांची लीद काढणे, वाटेवर खडी पसरणे हीच कामे जास्त, आणि हाताखाली माणूस मिळत नाही. त्यामुळे लोडर हे त्यांचे पहिले औजार. त्यासाठी पुढचा एक्सल भक्कम, चारही चाकांना ताकद, आणि अनेक मॉडेलांत हायड्रोस्टॅटिक गिअर, म्हणजे क्लच न दाबता पायाच्या दाबावर मागे-पुढे. बादली भरून दर मिनिटाला मागे-पुढे करायचे तर ते लागतेच. साध्या गिअरच्या ट्रॅक्टरवर हे काम केले तर क्लच लवकर संपतो.

आपल्याकडे तेच काम भाड्याचा जेसीबी अर्ध्या तासात करून जातो. दोन चाकांवर ओढणाऱ्या मिनी ट्रॅक्टरचा पुढचा एक्सल तीनशे किलोची बादली झेलण्यासाठी बनवलेला नसतो. गावच्या फॅब्रिकेटरकडून लोडर जोडून घेतलेले ट्रॅक्टर मी पाहिले आहेत. पुढे बादली भरली की मागची चाके हलकी होतात आणि उतारावर ब्रेकच लागत नाहीत, कारण ब्रेक मागच्याच चाकांना असतात. असे जोडकाम करू नका.

प्रश्न : एक एकर दहा गुंठे जमीन आहे. अनुदानावर मिनी ट्रॅक्टर मिळतो म्हणतात. घ्यावा का?
(एक वाचक, जि. सांगली)

उत्तर : तुमच्या रानासाठी म्हणून घेऊ नका. एवढ्या जमिनीला वर्षभरात ट्रॅक्टरचे काम मोजक्या तासांचे, बाकी वेळ तो उभा राहून बॅटरी उतरवणार. गावात भाड्याने चालवायची तयारी असेल, चालक घरचा असेल आणि आसपास फळबागा असतील, तर विचार करा. म्हणजे तो तुमचा धंदा झाला, शेतीचे औजार नव्हे. अनुदानासाठी महाडीबीटीवर अर्ज करून पूर्वसंमती हातात आल्यावरच खरेदी करायची. आधी बिल केले तर अनुदान मिळत नाही, आणि दर वर्षी याच कारणाने अर्ज बाद होतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा जुन्या दरपत्रकावर सौदा करू नका. पॉवर टिलरही बघून घ्या. सव्वा एकराला तो अनेकदा पुरतो, फक्त मागे चालायची पायांत ताकद हवी.

ट्रॅक्टरविषयी पुढचे प्रश्न पाठवताना जमिनीचा प्रकार, ओळींतले अंतर, उतार आणि हातात असलेली औजारे एवढे तरी लिहावे. नुसते "कोणता ट्रॅक्टर चांगला?" असे विचारणाऱ्या पत्रांना उत्तर देता येत नाही.